टर्म प्लॅनच्या फॉर्ममध्ये बीपीची गोळी लिहायची का? एजंट म्हणतायत नको

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकहून लिहितोय. वय ३८, खाजगी नोकरी, घरात बायको, सहावीतली मुलगी आणि आई. गेल्या वर्षी फ्लॅट घेतला, त्याचं कर्ज डोक्यावर आहे म्हणून एक कोटीचा टर्म प्लॅन (मी गेलो तर घरच्यांना रक्कम देणारा विमा) घ्यायचं ठरवलं. अडचण अशी की दोन वर्षांपासून टेल्मिसार्टन ४० ची एक गोळी रोज चालू आहे, त्यावर बीपी १२६/८२ च्या आसपास राहतं, आणि ऑफिसच्या वार्षिक तपासणीत एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ६.१ आलं होतं. डॉक्टर म्हणाले डायबेटिस नाही पण काठावर आहात, वजन उतरवा. शुगरची गोळी नाही दिली.

एजंट बाबांच्या वेळेपासूनचे ओळखीचे. फॉर्म घेऊन घरी आले आणि तब्येतीच्या सगळ्या रकान्यांत त्यांनी स्वतःच "नाही" "नाही" टिक करत नेलं. मी बीपीचं सांगितलं तर म्हणाले, आजकाल बीपी कुणाला नसतं, लिहिलं की मेडिकल लावतील, हप्ता वाढवतील, कदाचित केस परत येईल, तीन वर्षं निघाली की कंपनी काही विचारूच शकत नाही, कायदाच आहे तसा. मी सही केलेली नाही. बायकोला हे अजिबात पटलेलं नाही आणि ती म्हणतेय की पैसे मागायला मलाच जावं लागणार आहे ना, मग मला काय ते आत्ता कळू दे.

कुणाला अनुभव असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

सह्यकडा

वहिनी बरोबर बोलतायत. सगळं लिहा. त्या एजंटकडून फॉर्म परत घ्या आणि नवीन कोरा फॉर्म मागा.

पावशेर

एवढं टेन्शन घेऊ नका हो. कलम ४५ आहे, तीन वर्षांनंतर पॉलिसीला कुणी हात लावू शकत नाही. आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांनी असंच केलंय. तीन वर्षांत कोण मरतंय ३८ व्या वर्षी.

निवृत्त_विमावाला

पावशेर, तुमचं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे आणि शेवटचं वाक्य मी नोकरीत असताना इतक्या वेळा खोटं ठरलेलं पाहिलंय की ते वाचून बरं वाटलं नाही. मी डेव्हलपमेंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो, हाताखाली एजंट होते, अर्ली क्लेमच्या चौकशीला खेडोपाडी हिंडलोय. जरा लांबण लागेल पण लिहितो.

आधी कायदा. विमा कायदा १९३८ चा. त्यातल्या कलम ४५ मध्ये पूर्वी दोन वर्षांची मुदत होती आणि दोन वर्षांनंतरही फसवणूक सिद्ध झाली तर क्लेम नाकारता यायचा. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ डिसेंबर २०१४ पासून लागू धरली, हे बदललं. आता तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कुठल्याही कारणाने पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. हे खरंय आणि चांगलंय. पण ती तीन वर्षं कधीपासून मोजायची ते एजंट सांगत नाहीत. पॉलिसी निघाल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, बंद पडलेली पॉलिसी रिव्हाइव्ह म्हणजे पुन्हा चालू केल्याची तारीख, रायडर म्हणजे जादा संरक्षण जोडल्याची तारीख, यातली जी शेवटची असेल तिथपासून. म्हणजे चौथ्या वर्षी हप्ता चुकला, पॉलिसी लॅप्स झाली, तुम्ही डीजीएच भरून म्हणजे तब्येत उत्तम असल्याचं घोषणापत्र देऊन ती चालू केलीत, की घड्याळ पुन्हा शून्यावर. आणि त्या डीजीएचमध्ये पुन्हा तेच प्रश्न, त्यावर पुन्हा तीच खोटी उत्तरं.

आता तीन वर्षांच्या आत माणूस गेला तर काय होतं. आमच्याकडे त्याला अर्ली क्लेम म्हणायचे. उशिराच्या क्लेममध्ये बाँड म्हणजे पॉलिसीचा कागद, मृत्यूचा दाखला, नॉमिनीची ओळख आणि बँकेचे तपशील एवढ्यावर काम होतं. अर्ली क्लेमला चौकशी लागते. शेवटचे उपचार केलेल्या डॉक्टरचा दाखला, हॉस्पिटलचा दाखला, ऑफिसातून सिक लीव्हचा तपशील, हे सगळे मागवतात. शिवाय माणूस पाठवतात. तो माणूस तालुक्याच्या ठिकाणी मेडिकल दुकानात विचारतो, शेजारी विचारतो, सरकारी दवाखान्याचे केसपेपर काढतो. आणि आता तर सगळ्यांचा मेडिक्लेम असतो, कॅशलेससाठी हॉस्पिटलने पाठवलेले कागद कुठेतरी असतातच. तुमच्या ऑफिसची तपासणी, त्यातलं ६.१, हेही कुणाच्यातरी कॉम्प्युटरमध्ये आहे. ते लपणार नाही, आणि लपवण्यासारखं त्यात काही नाहीच मुळी.

तुमच्या केसबद्दल माझं मत. ३८ वय, एक गोळी, बीपी ताब्यात, किडनी आणि ईसीजी नॉर्मल, तंबाखू नाही (नाही असं धरतो), तर अशी केस सहसा परत येत नाही. फार तर एक्स्ट्रा म्हणजे जादा हप्ता लागेल. त्याला काऊंटर ऑफर म्हणतात, ते पत्र तुमच्याकडे येतं, पटलं तर संमती द्यायची, नाही पटलं तर नाकारायची. एजंटला केस परत यायची भीती वाटते कारण पुन्हा फेऱ्या माराव्या लागतात आणि कमिशन लांबतं. माणूस वाईट असेल असं नाही, पण पुढे जे होईल ते त्याच्या घरी होणार नाही.

पावशेर

बरं, रिव्हायव्हलचं मला माहीत नव्हतं. पण काका, फॉर्म एजंटनेच भरला असेल तर जबाबदारी त्याची ना? आम्ही फक्त सह्या केल्या.

कोर्टकचेरी_कोल्हापूर

हा प्रश्न ग्राहक आयोगात नेहमी येतो म्हणून मी उत्तर देतो, वकील आहे. नाही, जबाबदारी सही करणाऱ्याची. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने रिलायन्स लाइफच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलंय. तिथे आजारपण नव्हतंच, दोनच महिन्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीची घेतलेली पॉलिसी फॉर्ममध्ये सांगितली नव्हती. विधवेचं म्हणणं होतं की कोऱ्या फॉर्मवर सही घेतली, बाकी एजंटने भरलं. कोर्ट म्हणालं सही केली म्हणजे आतला मजकूर तुमचा. म्हणून "दुसऱ्या पॉलिसी आहेत का" हा रकानाही तब्येतीच्या रकान्याइतक्याच काळजीने भरा, ऑफिसची ग्रुप पॉलिसी विचारली असेल तर तीसुद्धा.

आजार लपवण्याबद्दल दोन निकाल समोरासमोर ठेवण्यासारखे आहेत. एक २०२० चा, बजाज अलियान्झ लाइफचा. पॉलिसी घेतली आणि महिन्याभरात माणूस गेला. चौकशीत निघालं की त्याला आधीपासून पोटाचा विकार होता, रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या आणि फॉर्ममध्ये सगळीकडे नाही. सुप्रीम कोर्टाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. (आईला पैसे आधीच मिळालेले होते, तिचं वय बघून ते परत घेऊ नयेत असंही सांगितलं.) दुसरा २०१५ चा, एलआयसीविरुद्ध. त्यात माणसाने कमरेच्या मणक्याचं दुखणं लिहिलं नव्हतं आणि गेला हार्ट अटॅकने. तिथे कोर्ट म्हणालं की हे दुखणं जीवघेणं नाही, मृत्यूशी त्याचा संबंध नाही, क्लेम द्या.

आता लोक काय करतात, हा दुसरा निकाल धरून बसतात की मृत्यू वेगळ्या कारणाने झाला तर काही होत नाही. असं समजू नका. कोर्टात मुख्य प्रश्न असतो की ती माहिती विमा देण्याच्या निर्णयावर परिणाम करणारी होती का. कंबरदुखीने सहसा परिणाम होत नाही. बीपी, शुगर, हृदय, किडनी, लिव्हर, दारू, तंबाखू यांनी होतो. कलम ४५ च्या स्पष्टीकरणात एक गोष्ट ग्राहकाच्या बाजूची आहे, ही माहिती मिळाली असती तर पॉलिसी दिलीच नसती हे दाखवायची जबाबदारी कंपनीवर टाकलीय. आणि फसवणुकीचा हेतू नसेल, नुसती चुकीची माहिती असेल तर क्लेम नाकारला तरी भरलेले हप्ते ९० दिवसांत परत करावे लागतात. पण एक कोटीच्या जागी दोन वर्षांचे हप्ते परत आले तर त्या घराचं काय भागणार.

मिरजेचा_डॉक्टर

मी एका पॅनलवर आहे, विम्याच्या तपासण्या करतो. गोदाकाठ, मेडिकलला घाबरू नका, उलट मेडिकल झालेली बरी. तपासणी करून कंपनीने जोखीम घेतली की नंतर "आम्हाला अंदाजच नव्हता" म्हणायला जागा कमी उरते. पण मेडिकल झाली म्हणून फॉर्ममधलं "नाही" माफ होत नाही, हे दोन्ही वेगळे कागद आहेत.

काय करतो ते सांगतो. उंची, वजन, पोटाचा घेर, नाडी, बीपी एकापेक्षा जास्त वेळा. रक्तात उपाशीपोटी शुगर, एचबीए१सी, लिपिड, लिव्हर, किडनी, एचआयव्ही, कावीळ बी. लघवी. ईसीजी, रक्कम मोठी आणि वय जास्त असेल तर टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी). दहा-बारा तास पोटात काही नको, पाणी चालेल. आदल्या रात्री दारू नको, जागरण नको.

लोक एक फार चुकीचं काम करतात ते म्हणजे तपासणीच्या दिवशी बीपीची गोळी न घेता येतात, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की गोळी रक्तात दिसेल. अशा चाचणीत बीपीची गोळी कुणी शोधत नाही. गोळी चुकवल्याने बीपी १६० वर जातं आणि तेच रिपोर्टात जातं. नेहमीच्या वेळी गोळी घ्या, घेतलीय असं मला सांगा, मी लिहीन की उपचार चालू आहेत आणि आटोक्यात आहे. अंडररायटरला, म्हणजे कंपनीत जोखीम तपासून निर्णय घेणाऱ्याला, आटोक्यातलं बीपी आवडतं, अचानक सापडलेलं बीपी आवडत नाही.

६.१ बद्दल. ५.७ ते ६.४ हा प्रीडायबेटिस, ६.५ पासून डायबेटिस. फॉर्ममध्ये "डायबेटिस आहे का" एवढंच विचारलं असेल तर नाही, पण बहुतेक फॉर्ममध्ये "रक्तातली साखर वाढलेली आढळली होती का" असंही असतं, तिथे हो आणि तो रिपोर्ट जोडा. सध्या किती आहे ते नवीन करून घ्या. वजन उतरवलं असेल तर आकडा तुमच्याच बाजूने बोलेल.

आणि तंबाखू. माझ्याकडे आलेल्या बायकांना मी विचारतो तंबाखू खाता का, त्या म्हणतात छे, शिवत पण नाही. मग विचारतो दात कशाने घासता. तर मशेरी. दिवसातून तीन-चार वेळा, दुपारी काम झाल्यावर ओट्यापाशी बसून निवांत. ती भाजलेली तंबाखूच आहे, लघवीतल्या कोटिनीन (शरीरातला निकोटिनचा अंश) चाचणीत पॉझिटिव्ह येणार, आणि फॉर्मवर मुलाने किंवा एजंटने "तंबाखूचं कुठलंही सेवन नाही" लिहिलेलं असतं. त्या बाईने खोटं बोललेलं नाही, तिला कुणी नीट विचारलेलंच नाही. घरात आईचा, बायकोचा विमा काढताना हे त्यांच्या शब्दांत विचारा. गुटख्याचंही तेच, महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे म्हणून लोक सांगत नाहीत, पण विमा कंपनी पोलिस नाहीये.

निशिगंध

डॉक्टर, मशेरीचं वाचून माझ्या सासूबाईंचा फॉर्म आठवला, अजून दिलेला नाही, आजच बघते. धन्यवाद.

माझा एक प्रश्न कम अनुभव. बाळंतपणानंतर मला डिप्रेशन होतं, वर्षभर एस्सिटालोप्रामची गोळी होती, मग डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. टर्म प्लॅनच्या फॉर्ममध्ये मानसिक आजाराचा प्रश्न होता. घरच्यांचं म्हणणं होतं हे लिहू नको, लोक काय म्हणतील. मी लिहिलं. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र मागितलं, कधी सुरू, कधी बंद, दाखल करावं लागलं होतं का, स्वतःला इजा करायचे विचार होते का, आता कशी आहे. मॅडमनी अर्ध्या पानाचं स्वच्छ पत्र दिलं. नेहमीच्याच दराने पॉलिसी मिळाली. प्रत्येकीला असंच मिळेल असं मी म्हणत नाही, पण ते पत्र घेऊन ठेवा, फार कामाला येतं.

निवृत्त_विमावाला

निशिगंध ताई, फार योग्य केलंत. आत्महत्येचा मुद्दाही कुणी मोकळेपणाने विचारत नाही म्हणून सांगतो, पॉलिसी सुरू झाल्यापासून किंवा रिव्हाइव्ह केल्यापासून बारा महिन्यांच्या आत असं झालं तर पूर्ण रक्कम मिळत नाही, भरलेल्या हप्त्यांचा मोठा भाग परत मिळतो, किमान ८० टक्के. बारा महिन्यांनंतर निव्वळ त्या कारणाने क्लेम अडत नाही. पण आधीचा आजार लपवला असेल तर तो प्रश्न वेगळा उभा राहतोच.

अबोली७

मी आमच्या घरचं लिहिते. कंपनीचं नाव लिहीत नाही, ते महत्त्वाचंही नाही.

माझे दाजी, सांगलीकडचे, वय ४४. पॉलिसीला दोन वर्षं होऊन गेली होती. रात्री दोनला छातीत दुखायला लागलं, जवळच्या हॉस्पिटलात नेलं. ताई रिक्षातून मागे येत होती, सोबत दाजींचा चुलतभाऊ होता. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं काही आजार आहे का, तो घाबरलेला, म्हणाला शुगर आहे, बरीच वर्षं झाली, दहा वर्षं असतील. ते तिथल्या कागदावर इंग्रजीत लिहिलं गेलं, डायबेटिस, दहा वर्षांपासून. सकाळी दाजी गेले. तोच मजकूर डेथ समरीत उतरला.

क्लेम नाकारल्याचं पत्र आलं त्यात तेच एक वाक्य होतं. दहा वर्षांपासून मधुमेह असताना प्रपोजल फॉर्ममध्ये नाही असं लिहिलं. आणि खरी गोष्ट अशी होती की दाजींना शुगर निघाली पॉलिसी घेतल्यानंतर सात-आठ महिन्यांनी! दहा वर्षं शुगर होती ती त्या चुलतभावाच्या स्वतःच्या वडिलांना, गडबडीत त्याच्या तोंडून काय गेलं त्यालाच माहीत नाही. तो अजून ताईसमोर मान वर करून बोलत नाही. त्याचा काय दोष.

मग आम्ही कागद गोळा करायला लागलो. दाजी ज्या सोसायटीत नोकरीला होते तिथे पॉलिसीच्या आदल्या वर्षी आरोग्य शिबिर झालं होतं, त्यात उपाशीपोटी शुगर ९२. फॅमिली डॉक्टरांनी त्यांच्या वहीतून तारखेसकट लिहून दिलं की पहिल्यांदा शुगर कधी निघाली आणि पहिली गोळी कधी दिली. ज्या लॅबमध्ये केली तिने जुना रिपोर्ट शोधून दिला. हे सगळं आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे पाठवलं, त्यांनी जुनंच उत्तर पुन्हा पाठवलं. मग विमा लोकपाल (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे), पुण्याचं ऑफिस, नारायण पेठेत. सुनावणीला ताई स्वतः गेली, वकील नव्हता. तिने फाइल समोर ठेवली आणि एकेक कागद तारखेने दाखवला. निकाल तिच्या बाजूने लागला, पूर्ण रक्कम मिळाली.

हे सांगायचं कारण, खरं लिहिलेलं असूनही एवढं झालं. ताईच्या हातात ९२ चा तो कागद होता म्हणून ती बोलू शकली. फॉर्म खोटा असता तर ती काय दाखवणार होती? तिला दाजींनी काय लिहिलं, का लिहिलं हेच माहीत नसतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. गोदाकाठ, तुमच्या बायकोचा प्रश्न अगदी बरोबर आहे, तिला सोबत बसवून फॉर्म भरा.

कोर्टकचेरी_कोल्हापूर

अबोली ताई, तुमच्या ताईंना नमस्कार सांगा. हे अवघड काम आहे.

यातल्या दोन गोष्टी सगळ्यांनी लक्षात ठेवाव्या. नातेवाइकाने तोंडी सांगितलेला इतिहास हॉस्पिटलच्या कागदात आला म्हणून आजार सिद्ध होत नाही, त्याला उपचाराचे कागद किंवा उपचार केलेल्या डॉक्टरचा जबाब लागतो असं आयोगांनी बऱ्याचदा म्हटलंय. म्हणून नुसत्या एका ओळीवर क्लेम नाकारला असेल तर गप्प बसू नका. आणि हॉस्पिटलकडे आपल्या पेशंटचे कागद मागायचा हक्क आहे, लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यायला हवेत असा वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत नियम आहे, आणि नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात. उशीर करू नका, कागद हरवतात.

लोकपालाकडे जायचं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही की मग. अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत. फी नाही. पूर्वी ३० लाखांपर्यंतची मर्यादा होती, २०२३ मध्ये ५० लाख झाली. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुम्हाला पटला नाही तर तुम्ही पुढे जाऊ शकता. पण तीच केस आधीच ग्राहक आयोगात टाकली असेल तर लोकपाल घेत नाहीत, म्हणून आधी ठरवा. ५० लाखांच्या वरचा क्लेम असेल तर ग्राहक आयोग, तिथे दोन वर्षांची मुदत. आणि आता कुठल्या आयोगात जायचं हे क्लेमच्या रकमेवर नाही, भरलेल्या हप्त्यावर ठरतं, त्यामुळे बहुतेकांचं जिल्ह्यातच काम होतं, मुंबई-दिल्ली करावी लागत नाही.

बे_एरियाची_मावशी

इकडची थोडी माहिती, कारण इथले बरेच मराठी लोक भारतात टर्म प्लॅन घेतात. अमेरिकेत अर्ज केला की कंपन्या तुमच्या संमतीने एमआयबी नावाच्या संस्थेकडून आधीच्या अर्जांमधल्या तब्येतीच्या नोंदी मागवतात, फार्मसीतून घेतलेल्या गोळ्यांचा इतिहासही बघतात. म्हणजे इथे न सांगण्याचा प्रश्नच फारसा उरत नाही. वादाची मुदत इथे साधारण दोन वर्षांची. भारतात अर्ज करताना मात्र लोकांना वाटतं की इथल्या डॉक्टरचे कागद तिकडे कुणाला मिळणार आहेत. पण क्लेमच्या वेळी मृत्यू इथे झालेला असेल तर इथल्याच हॉस्पिटलचे कागद पाठवायचे असतात ना, आणि त्यात सगळा पूर्वेतिहास असतो. तेव्हा तिकडच्या फॉर्ममध्येही इथली प्रत्येक गोळी लिहा.

चाफेकळी

एक बाळबोध प्रश्न. पॉलिसी घेताना ठणठणीत होते, दोन वर्षांनी थायरॉइड निघालं. आता कंपनीला कळवायचं का? त्या विचाराने झोप लागत नाही.

मिरजेचा_डॉक्टर

चाफेकळी, शांत झोपा. लाइफच्या पॉलिसीत नंतर झालेला आजार कळवायची गरज नसते, विमा त्यासाठीच घेतलेला असतो. पॉलिसी लॅप्स करून रिव्हाइव्ह केली, नवीन रायडर घेतला किंवा नवीन पॉलिसीचा अर्ज केला तरच लिहायचं. थायरॉइडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्या.

निवृत्त_विमावाला

डॉक्टरांच्या म्हणण्यात एकच भर. फॉर्मवर सही केल्यापासून पहिल्या हप्त्याची पावती, एफपीआर, येईपर्यंत जो काळ जातो त्यात तब्येतीत काही बदल झाला तर मात्र कळवायचं असतं. घोषणापत्रात तसं लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही.

आणि आता थोडं फॉर्मच्या प्रश्नांबद्दल, कारण लोक अडखळतात तिथेच. गेल्या पाच वर्षांत एक आठवड्यापेक्षा जास्त उपचार लागलेला आजार, कधीही हॉस्पिटलात दाखल झालात का, तब्येतीमुळे कामावर गैरहजेरी, हे प्रश्न बहुतेक जण "मोठा आजार" असा अर्थ लावून नाही लिहितात. चार वर्षांपूर्वी डेंगीसाठी चार दिवस ॲडमिट होता तर ते हो आहे. लिहायचं, डेंगी, अमुक साल, पूर्ण बरा, डिस्चार्ज कार्ड जोडलं. यावर कुणी एक रुपया वाढवत नाही. हर्निया, हायड्रोसील, टीबी ही नावं छापलेलीच असतात, पुरुष हायड्रोसीलचं ऑपरेशन लाजेने लिहीत नाहीत.

मग घराण्याचा इतिहास. वडील हयात आहेत का, नसल्यास कितव्या वर्षी आणि कशाने. आपल्याकडे कुणीही गेलं की "हार्ट फेल". वडील ५८ व्या वर्षी लिव्हरने किंवा साप चावून गेले तरी एजंट हार्ट फेल लिहून मोकळा. समोरचा अंडररायटर वाचतो, वडील ५८ ला हृदयविकाराने गेले, मुलाला बीपी, वजन जास्त, आणि लगेच टीएमटी मागवतो, एक्स्ट्रा लावतो. इथे चुकीची माहिती तुमच्याच विरुद्ध गेली. मृत्यूचा दाखला काढून बघा आणि जे आहे ते लिहा.

"पूर्वी कुठला प्रस्ताव नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा हप्त्याने स्वीकारला होता का" हाही प्रश्न असतो. एका ठिकाणी नकार आला तर दुसरीकडे तो सांगावा लागतो. म्हणून एकाच वेळी चार कंपन्यांत अर्ज टाकत सुटू नका. आधी रिपोर्ट नीट जमवा, एकच अर्ज पूर्ण तयारीने करा.

सह्यकडा

काका, गृहकर्जाबरोबर बँक जो विमा देते त्याचं काय? मी तर कुठलाच तब्येतीचा फॉर्म भरल्याचं आठवत नाही.

निवृत्त_विमावाला

भरलाय, पण सह्यांच्या गठ्ठ्यात. कर्जाच्या कागदांवर जिथे जिथे पेन्सिलने फुली मारून ठेवलेली असते तिथे आपण सह्या करत जातो, त्यातलं एक पान डीजीएच असतं, "मी पूर्ण निरोगी आहे, कुठलीही औषधं चालू नाहीत". बीपीची गोळी खिशात ठेवून लोक त्यावर सही करतात. कर्ज डोक्यावर असताना घरातला कमावता गेला आणि हा क्लेम अडकला तर बँक घरावर येते. बँकेकडून त्या पानाची कॉपी मागा. हा विमा घेणं सक्तीचंही नाही, तुमचा स्वतःचा टर्म प्लॅन असेल तर नाही म्हणू शकता. गोदाकाठ, तुम्हीही तुमची कर्जाची फाइल उघडून बघा.

पानगळ

ज्यांना कुणीच विमा देत नाही त्यांनी काय करायचं? माझ्या नवऱ्याला बायपास होऊन दीड वर्ष झालंय. दोन ठिकाणी पोस्टपोन झालं.

निवृत्त_विमावाला

पानगळ ताई, पोस्टपोन म्हणजे नकार नाही, पत्रात मुदत दिली असेल तर तेवढं थांबून नवीन इको आणि टीएमटी घेऊन पुन्हा अर्ज करा. तोवर, ऑफिसचा ग्रुप टर्म असेल तर त्यात ठराविक रकमेपर्यंत मेडिकल न करता घेतात, एचआरला विचारा. वय ५० च्या आत असेल तर प्रधानमंत्री जीवन ज्योती, बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये, दोन लाखांचं संरक्षण, वैद्यकीय तपासणी नाही, सुरुवातीचे ३० दिवस अपघात सोडून क्लेम मिळत नाही. दोन लाख म्हणजे फार नाहीत हे मलाही कळतंय, पण ते आज मिळतायत. काही कंपन्यांच्या गॅरंटीड इश्यू, म्हणजे तब्येत न तपासता देणाऱ्या, पॉलिसी असतात, त्यात सुरुवातीच्या काळात मृत्यू झाला तर फक्त हप्ते परत मिळतात, ते कलम नीट वाचून मगच घ्या.

पानगळ

त्यांचं वय ४७ आहे. बँकेत उद्याच जाते.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी समोर बसून सांगितलं नव्हतं.

काय केलं ते सांगतो. एजंट काकांना फोन करून नम्रपणे सांगितलं की फॉर्म मी स्वतः भरणार. थोडे नाराज झाले पण कोरा फॉर्म आणून दिला. बायको आणि मी बसून भरला, टेल्मिसार्टन, केव्हापासून, डॉक्टरांचं नाव, ६.१ चा रिपोर्ट, २०१९ चं अपेंडिक्सचं ऑपरेशन (हे मी विसरलोच होतो, तिने आठवण केली). वडिलांचं कारण दाखल्यावर मेंदूतला रक्तस्राव असं निघालं, एजंटच्या फॉर्मवर हार्ट फेल होतं. मेडिकल झाली, सकाळी गोळी घेऊन गेलो, एचबीए१सी ५.९ आलं. आज काऊंटर ऑफर आली, बीपीमुळे जादा हप्ता लावलाय, महिन्याला हिशेब केला तर परवडेल असा आहे. संमती देतोय.

कर्जाची फाइलही उघडली. ते पान आहे, माझी सही आहे, औषधं चालू नाहीत असं छापलेलं आहे. आता त्याचं काय करायचं?

कोर्टकचेरी_कोल्हापूर

विमा कंपनीला आणि बँकेला एकाच मजकुराचं पत्र लिहा, त्या तारखेला टेल्मिसार्टन चालू होती, फॉर्म छापील होता, ही माहिती आता नोंदवून घ्यावी. प्रिस्क्रिप्शनची कॉपी जोडा, रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. ते हप्ता वाढवतील किंवा रद्द करून पैसे देतील, दोन्ही चालेल कारण तुमचा टर्म प्लॅन येतोय. पण टर्म प्लॅनचा बाँड हातात आल्यावरच हे पत्र टाका, मधल्या काळात दोन्हीकडे रिकामं नको.

निवृत्त_विमावाला

आणि बाँड आला की सोबत प्रपोजल फॉर्मची कॉपी येते, ती तुम्ही भरलेल्या फॉर्मशी ओळ न ओळ ताडून बघा. टायपिंग करणारे "हो" चं "नाही" करतात. चूक दिसली तर लगेच लेखी कळवा. बाँड मिळाल्यापासून ३० दिवस फ्री लूकचे असतात, त्यात न पटल्यास परतही करता येतो. ती कॉपी, ६.१ आणि ५.९ चे दोन्ही रिपोर्ट आणि काऊंटर ऑफरचं पत्र एका फाइलीत घालून वहिनींकडे द्या, नॉमिनी म्हणून त्यांचं नाव आधार कार्डावर आहे तसंच आहे ना तेही बघा.

गोदाकाठ

बघितलं. आधारवर माहेरचं आडनाव आहे, फॉर्ममध्ये सासरचं. उद्या बदलायला टाकतो.